आपत्तीनंतरचे वार्धक्य : निवारा आणि शेजार

भूकंप, महापूर, दरड कोसळणे यांसारखी आपत्ती ओसरल्यानंतर पुनर्वसनाचा हिशेब सामान्यतः घरांच्या संख्येत मांडण्यात येतो. किती घरे पडली, किती बांधून झाली आणि किती कुटुंबांस ताबा मिळाला, ह्या तीन आकड्यांवरून कार्य तडीस गेले की नाही ते ठरते. हा हिशेब ठेवलाच पाहिजे. परंतु आपद्ग्रस्तांमध्ये एक वर्ग असा असतो की, घराचा ताबा मिळणे आणि जीवन पुन्हा सुरू होणे ह्या दोन घटनांमधील अंतर त्याच्या बाबतीत सर्वांत मोठे असते. तो वर्ग वृद्धांचा होय. तरुण माणूस नव्या घरातून रोज शेतावर, कारखान्यात वा बाजारात जातो. तेथे त्याला नवे संबंध जोडता येतात. वृद्धाचे जग त्याच्या पायांच्या पल्ल्याएवढे असते. त्या पल्ल्यात कोण राहते, कोणते देऊळ येते, बसावयास पार आहे की नाही, ह्यावर त्याचा सारा दिवस अवलंबून असतो.

आपत्तीनंतरच्या जीवनाशी वृद्ध माणसे कशी जुळवून घेतात, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांच्या स्वभावात शोधले जाते. कोणी त्यांस दुबळे मानतो, कोणी सोशीक मानतो. गेल्या काही दशकांतील संशोधन पाहता ह्या उत्तराचा मोठा भाग स्वभावाच्या बाहेर, म्हणजे पुनर्वसनाच्या रचनेत सापडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हे प्रतिपादन प्रथम अमेरिका व जपान येथील अभ्यासांच्या आधारे आणि त्यानंतर १९९३ सालच्या किल्लारी भूकंपाच्या संदर्भात येथे मांडावयाचे आहे.

१. दुबळेपणा की सोशिकपणा?

वृद्धांस आपत्तीचा धोका अधिक असतो, ह्याविषयी दुमत नाही. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे जपानमधील कोबे शहर व परिसर यांस भूकंपाचा जो तडाखा बसला, त्यात एकंदर ६,४३४ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे निम्मी ६५ वर्षांवरील होती. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये झालेल्या भूकंप-त्सुनामीत मृतांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश माणसे साठी गाठलेली वा ओलांडलेली होती. प्रत्यक्ष घटनेतून बचावल्यानंतर आश्रयस्थानातील थंडी, औषधोपचारातील खंड आणि वारंवार जागा बदलण्याची दगदग यांमुळे जी माणसे पुढील काळात मरण पावली, त्यांची जपानमध्ये 'आपत्तीशी निगडित मृत्यू' अशी वेगळी नोंद होते. २०११ च्या आपत्तीतील अशा मृत्यूंपैकी दहांतील सुमारे नऊ वृद्धांचे होते.

हे आकडे वयाविषयी बोलतात असे वाटते. परंतु ते केवळ वयाविषयी बोलत नाहीत. कोबे येथे जी घरे कोसळली ती मुख्यतः जुनी, लाकडी आणि जड कौलांची होती. त्यांत अल्प भाड्याने वा वडिलार्जित हक्काने राहणारी माणसेही बहुधा जुन्याच पिढीतील होती. म्हणजे माणसाच्या वयाबरोबर तेथे घराचेही वय मोजावे लागते. दुर्बलतेचा एक अंश शरीरात असला, तरी दुसरा अंश त्या शरीराला मिळालेल्या निवाऱ्यात असतो.

जी वृद्ध माणसे जगली, त्यांच्याविषयी संशोधकांत प्रथमपासून मतभेद आहेत. १९६१ साली फ्रीड्सॅम यांनी असा सिद्धांत सुचविला की, वृद्धांस आपली हानी इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते. तीच वस्तू तरुणाने गमावली तर ती पुन्हा मिळविण्यास त्याच्यापाशी आयुष्य असते. वृद्धापाशी ते उरलेले नसते. शिवाय लग्नातील भांडी, वडिलांनी लावलेले झाड, गेलेल्या जोडीदाराची खाट यांची भरपाई कोणत्याही दराने होत नाही. ह्याउलट १९८८ साली नॉरिस व मरेल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने चित्राची दुसरी बाजू दाखविली. केंटकी संस्थानातील वृद्धांची दीर्घकालीन पाहणी चालू असतानाच १९८१ व १९८४ साली त्या प्रदेशात पूर आले. ज्या वृद्धांनी पूर्वी पूर पाहिला होता त्यांच्यात चिंतेची लक्षणे कमी आढळली. देवीची लस टोचल्याने जसे पुढील आजारापासून संरक्षण मिळते, तसे संकटाच्या पूर्वानुभवाने मिळते, असा ह्या मताचा आशय आहे.

ह्या दोन मतांपैकी कोणते खरे, असा प्रश्न करण्यापेक्षा कोणत्या समाजात कोणते खरे ठरते, असा प्रश्न करणे अधिक फलदायी आहे. २००२ साली नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, मेक्सिको व पोलंड ह्या तीन देशांतील आपद्ग्रस्तांची तुलना केली. पहिल्या दोन देशांतील आपत्ती चक्रीवादळाची होती, तिसऱ्यातील १९९७ सालच्या महापुराची. अमेरिकेत मध्यमवयीन माणसे सर्वांत अधिक त्रस्त आढळली, मेक्सिकोत तरुण, आणि पोलंडमध्ये वृद्ध. वय हेच जर कारण असते, तर तिन्ही ठिकाणी एकच क्रम लागावयास हवा होता. मुलांचे संगोपन, आईबापांची शुश्रूषा आणि कर्जाची फेड यांचा भार ज्या समाजात ज्या वयावर पडतो, तेथे ते वय वाकते. तात्पर्य, वार्धक्याचा परिणाम समाजातील त्याच्या स्थानातून गाळून आपल्यापर्यंत येतो.

२. शेजाराची हानी

ते स्थान आपत्तीनंतर कसे हरवते, ह्याचे अत्यंत बारकाईचे वर्णन समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी १९७६ साली केले. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया संस्थानात कोळशाच्या खाणीतील गाळ अडविणारा बांध फुटून बफेलो क्रीक ह्या दरीतील वस्त्या वाहून गेल्या आणि १२५ माणसे मृत्युमुखी पडली. सरकारने बेघरांना चाकांवरील तयार घरे तत्परतेने पुरविली. मात्र ती वाटताना कोण कोणाचा शेजारी होता ह्याचा विचार झाला नाही. पुढे महिनोन्महिने माणसे अनोळखी लोकांत राहिली. एरिक्सन यांनी ह्या हानीचे दोन भाग पाडले. एक आघात व्यक्तीच्या मनावर होतो, तो पाण्याच्या लोंढ्याने झाला. दुसरा समूहाच्या परस्परसंबंधांवर होतो, तो सावकाश झाला आणि त्यास मदतकार्याचाही हातभार लागला.

कोबे येथे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आणि विशेषेकरून वृद्धांच्या बाबतीत घडली. भूकंपानंतर तेथे सुमारे ४८ हजार तात्पुरती घरे उभारण्यात आली. ती प्रथम वृद्ध व अपंग यांस द्यावीत, असे ठरले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु वाटप सोडतीने झाले आणि जागा उपलब्ध होती ती शहराच्या कडेला वा भरावाच्या बेटांवर. परिणामी एका गल्लीतील माणसे दहा ठिकाणी विखुरली, आणि काही वसाहतींत वृद्धांशेजारी वृद्धच राहू लागले. हाक मारल्यास धावून येणारा तरुण शेजारी तेथे नव्हता. पुढील पाच वर्षांत ह्या तात्पुरत्या घरांतून दोनशेहून अधिक माणसे कोणाच्या नकळत मरण पावली. अशा मृत्यूस जपानी भाषेत 'कोदोकुशी', म्हणजे एकाकी मृत्यू, असे म्हणतात. त्यांत एकट्या पुरुषांचे प्रमाण मोठे होते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. स्त्रीचे संबंध घराच्या उंबऱ्याभोवती विणलेले असतात आणि नव्या जागी ती ते पुन्हा विणू लागते. ज्याचे संबंध नोकरीच्या जागेशी होते, त्या निवृत्त पुरुषाला नव्या वसाहतीत धागा सापडत नाही.

ह्या अनुभवापासून जपानी प्रशासनाने बोध घेतला. २३ ऑक्टोबर २००४ रोजी निईगाता प्रांतात भूकंप झाला आणि यामाकोशी हे डोंगराळ गाव सबंध खाली करावे लागले. त्या वेळी तात्पुरती घरे देताना वाडीनिहाय वाटप करण्यात आले, म्हणजे एका वाडीतील माणसे एका रांगेत राहतील अशी व्यवस्था झाली.

अशा व्यवस्थेचे मोल मोजून दाखविण्याची संधी पुढे इवानुमा येथे मिळाली. मियागी प्रांतातील ह्या किनारी शहरात ऑगस्ट २०१० मध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांची विस्तृत पाहणी झाली होती. सातच महिन्यांनी त्सुनामी आली आणि शहराची जवळजवळ निम्मी भूमी पाण्याखाली गेली. आपत्तीपूर्वीची माहिती हाती असल्यामुळे २०१३ साली त्याच माणसांची पुन्हा पाहणी करून संशोधकांस आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहता आली. आपत्तीविषयक अभ्यासात अशी संधी क्वचितच लाभते, कारण एरवी 'पूर्वी मी कसा होतो' हे आपद्ग्रस्ताच्या आठवणीवरूनच ठरवावे लागते.

हिकिची, कावाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या सामग्रीतून जे निष्कर्ष काढले, त्यांतील दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्या वृद्धांची स्मृती व आकलनशक्ती इतरांपेक्षा अधिक क्षीण झाली होती. आप्त वा मित्र गमावल्याचा असा परिणाम मात्र आढळला नाही. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. परंतु घर गेले की माणूस जागेवरून हलतो, आणि त्याबरोबर त्याच्या रोजच्या भेटीगाठी व फेरफटके सर्वच खंडित होतात, हे लक्षात घेतले म्हणजे उलगडा होऊ लागतो. २०१७ सालच्या दुसऱ्या अभ्यासाने ह्या तर्कास आधार दिला. जे वृद्ध सोडतीने वा स्वतःच्या प्रयत्नाने एकेकटे स्थलांतरित झाले, त्यांच्या गाठीभेटी व मंडळांतील सहभाग कमी झाला. जे वस्तीबरोबर समूहाने हलले, त्यांच्या बाबतीत तो वाढला. इवानुमा नगरपालिकेने पुढे समुद्राकाठच्या सहा वस्त्या तामाउरा-निशी ह्या एकाच नव्या जागी एकत्रितपणे वसविल्या.

समूहाने हललेल्यांचाही समुद्रकाठ गेला, घर गेले, शेत खारावले. तरीही त्यांचे परस्परसंबंध पूर्वीपेक्षा दृढ झाले. दोन्ही गटांतील माणसे एकाच शहरातील आणि एकाच पिढीतील होती. त्यांच्यात जो फरक पडला, त्याचा बराचसा उगम वाटपाच्या पद्धतीत दिसतो.

३. किल्लारीचा संदर्भ

कोबेपूर्वी साडेपंधरा महिने, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांस ६.२ प्रतीचा भूकंपाचा धक्का बसला. आदल्या रात्री गणेशविसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. शासकीय आकड्यांनुसार सुमारे ८ हजार माणसे मरण पावली. येथेही मरणाचे कारण घरात होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचा भार, अशी ह्या भागातील घरांची रीत होती. गळती थांबविण्यासाठी माळवदावर वेळोवेळी माती चढविली जाई, आणि जसजसे घर जुने होई तसतसे छप्पर जड होत जाई. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छप्पर त्या पहाटे अंगावर आले.

त्यानंतर दगडी घराची एवढी धास्ती बसली की, अनेक गावांनी जुने गावठाण सोडण्याची स्वतःच मागणी केली. ही गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे, कारण स्थलांतर सर्वस्वी वरून लादले गेले असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी हलविण्यात आली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असल्यास ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक असल्यास ७५० चौरस फूट, असे प्रमाण होते. काही गावे मूळ जागीच नव्याने बांधण्यात आली. त्यांखेरीज सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मूळ जागीच झाले. ह्या कामात घरमालकाने स्वतः बांधकाम करून घ्यावयाचे होते आणि गावातील महिला मंडळांनी 'संवाद सहायक' म्हणून शासन व कुटुंबे यांमधील दुवा व्हावयाचे होते.

नव्या गावठाणांची आखणी चौकटीच्या नकाशाप्रमाणे झाली. रस्ते सरळ व रुंद आखले, घरे एकमेकांपासून सुटी ठेवली. पडझडीच्या वेळी बाहेर पळावयास मोकळी जागा असावी, हा त्यामागील विचार योग्यच होता. परंतु त्यामुळे गावांचा विस्तार पूर्वीच्या कित्येक पट झाला. अभियंत्याच्या दृष्टीने जो मोकळेपणा, तो सत्तरीतील माणसाच्या दृष्टीने पाच मिनिटांच्या वाटेची पंचवीस मिनिटे होणे होय. जुन्या गल्लीत घराला घर लागून होते. ओसरीवर बसल्या जागी चार घरांची खबर लागत असे. कोणाकडे पाहुणा आला, कोणाचे गुरू व्याले, कोण दोन दिवस दिसले नाही, हे सर्व न उठता कळे. एकट्या राहणाऱ्या म्हातारीची अशी अप्रत्यक्ष राखण होत असे. त्याकरिता कोणी नेमलेला नसे आणि त्याचा कोणावर भारही पडत नसे. कोबेच्या वसाहतीत हीच राखण नाहीशी झाली होती.

राहण्याबरोबर कामाचाही विचार केला पाहिजे. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबात वृद्ध माणूस रिकामा नसतो. धान्य निवडणे-पाखडणे, नातवंडे सांभाळणे, दारातील जनावराला चारा-पाणी करणे, सोयरिकीच्या वेळी नाती उलगडणे, बांधाचा वाद निघाल्यास जुनी हद्द सांगणे, ही त्याची कामे असतात. ह्यांतील प्रत्येक काम विशिष्ट जागेला बांधलेले आहे. अंगण, बळद, गोठा आणि पार यांवाचून ती करता येत नाहीत. अडीचशे चौरस फुटांच्या घरात जनावरास जागा नाही आणि वर्षाचे धान्य साठविण्यासही नाही. घर सुरक्षित झाले, पण म्हातारपणी ज्या कामांमुळे घरात मान राहतो त्यांस थारा उरला नाही. पुढील काळात अनेक नव्या गावांत लोकांनी घराला जोडून पत्र्याची वा कुडाची पडवी काढली. तिच्याकडे केवळ बांधकामाची शिस्त मोडणारी वाढ म्हणून पाहणे अपुरे होईल. हरवलेली ओसरी आणि तिच्यासोबतचे काम परत मिळविण्याचा तो प्रयत्न आहे. समायोजन ह्या शब्दाचा अर्थ शोधावयाचा तर तो अशा पडवीत शोधावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या शेजाराचे गुणगान करताना त्यातील जातिव्यवस्था दृष्टीआड होऊ नये. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील वृद्धास पारावर बसण्याचा हक्क पूर्वीही नव्हता. चौकटीच्या नकाशाने त्याचे घर इतरांसारख्याच रस्त्यावर आले असेल, तर त्याच्या लेखी तो लाभच होय. तसेच पार हे मुख्यतः पुरुषांचे ठिकाण, तर वृद्ध स्त्रियांचा मेळा आडाच्या कडेला वा एखाद्या ओट्यावर भरणार. यास्तव जुना शेजार जसाच्या तसा उचलून नव्या जागी ठेवावा, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. कोणाशी जवळीक हवी हे ठरविण्याचा हक्क त्या त्या माणसाला असावा, आणि सोडत वा प्रतवारी यांनी तो परस्पर निकालात काढू नये, एवढेच म्हणणे आहे.

४. अभ्यासाची दिशा

आपद्ग्रस्तांच्या पुढील जीवनाच्या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यावर जो पूर कोसळला, त्यानंतरच्या पुनर्वसनाचा अभ्यास सुलभा ब्रह्मे व प्रकाश गोळे यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केला आणि तो १९६७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. किल्लारीच्या भूकंपानंतरही टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या संस्थांनी पाहण्या केल्या. ह्या परंपरेत वृद्धांच्या प्रश्नास स्वतंत्र स्थान देण्याची वेळ आता आली आहे.

इवानुमाच्या धर्तीवरील तुलनेस किल्लारीच्या परिसरात मोठा वाव आहे. एकाच भूकंपाने पीडित, एकाच बोलीची आणि एकाच शेतीव्यवस्थेतील काही गावे तेथे दूर हलली, तर काही जागेवर राहून नव्याने उभी राहिली. अर्थात जी गावे हलली तेथे हानीही अधिक झाली होती, हे ध्यानात ठेवूनच तुलना करावी लागेल. अशा दोन प्रकारच्या गावांतील वृद्धांच्या दिनक्रमाची नोंद करावी. दिवसात ते कोणाकोणाला भेटतात, त्यासाठी किती चालतात, घरात कोणते काम त्यांच्याकडे आहे, आजारपणी प्रथम कोणाला हाक मारतात, ह्या साध्या प्रश्नांवरून पुष्कळ उलगडा होईल. पुरुष व स्त्रिया, भूधारक व भूमिहीन, सवर्ण व दलित असे भेद प्रथमपासूनच पाळले पाहिजेत, अन्यथा सरासरीत ते बुडून जातील.

ह्या कामास कालमर्यादा आहे. १९९३ साली जे साठीचे होते, त्यांपैकी फार थोडे आज हयात असतील. त्या वेळी चाळिशीत असलेली माणसे सत्तरी ओलांडून गेली आहेत. जुनी गल्ली आणि नवा रस्ता ह्या दोहोंचा प्रौढपणी अनुभव घेतलेली ही शेवटची पिढी आहे. तिची साक्ष येत्या काही वर्षांतच नोंदवावी लागेल.

ह्या माहितीची गरज केवळ शास्त्राला आहे असे नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, आणि दोन्ही ठिकाणी वाचलेल्यांना नव्या जागी घरे बांधून देण्याचा प्रश्न उभा राहिला. पुढेही तो उभा राहणार आहे. अशा प्रत्येक वेळी नव्या वसाहतीचा नकाशा कोणीतरी आखतो आणि घरांचे क्रमांक कोणीतरी वाटतो. क्रमांक वाटण्यापूर्वी एक दिवस गावातील वडीलधाऱ्यांसह बसून कोणाशेजारी कोण राहत होते, आणि आता कोणाला कोणाशेजारी राहावयाचे आहे, ह्याची यादी करण्यास खर्च जवळजवळ लागत नाही. घरबांधणीच्या हिशेबात ह्या यादीसाठी एक रकाना ठेवावा, ही सूचना वरील सर्व अभ्यासांतून निघते.